आडव्या दरवाजाचं उभं आयुष्य

मित्रांनो, शेवटी मला आडवं पाडण्यात आलं आणि मावशी माझ्या छातीवरून गाडी घालून निघून गेली. आम्ही दोघंही फार आनंदात होतो.

असो. हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. असलं काही घडलेलं नाही. मी एक जुना दरवाजा आहे, आणि इथून पुढे बराच वेळ मी उभाच आहे.

माझा जन्म एका सागाच्या झाडापासून झाला. त्याबद्दल झाडाचं मत कोणी विचारलं नव्हतं. सुतारांनी मला चार उठावदार चौकोन दिले, तीन बिजागऱ्या दिल्या आणि मुठीत मावणार नाही अशी पितळी मूठ दिली. मग एका दगडी इमारतीच्या तळमजल्यावर, उजव्या हाताच्या घराला मला बसवलं. त्या काळी दरवाजा जितका जाड तितकं घर प्रतिष्ठित मानत. आमचं घर भयंकर प्रतिष्ठित होतं. मला ढकलताना पाहुण्यांना धाप लागायची.

दरवाजाचं काम लोकांना सोपं वाटतं. उघडायचं आणि मिटायचं, त्यात काय! पण खरी गंमत त्याआधी असते. बाहेरून टकटक होते. आतून विचारतात, "कोण?" बाहेरून उत्तर येतं, "मी." इतक्या वर्षांत एकाही माणसाने याहून जास्त माहिती दिली नाही. तरी प्रत्येक वेळी मला उघडलं गेलं. माणसं एकमेकांवर किती विश्वास ठेवतात, हे दरवाजाइतकं कोणाला कळत नाही.

माझ्या आत मावशी राहते. ती नेमकी कोणाची मावशी, हे कोणालाच ठाऊक नाही. तिचा सख्खा भाऊसुद्धा चिडला की तिला मावशीच म्हणतो. ती नाटकांचे कपडे शिवते. रस्त्यापलीकडे, अगदी समोर, तिचं दुकान आहे. राजाचे अंगरखे, पऱ्यांचे झगे, सगळं तिच्या हातचं. भुताच्या झग्यालाही ती खिसा ठेवते. "भूत झालं म्हणून काय झालं? रुमाल लागतोच," असं तिचं म्हणणं.

पुढे एका आजारात मावशीचे पाय तिचं ऐकेनासे झाले. इस्पितळातून ती चाकांच्या खुर्चीवर बसून घरी आली, माझ्यापाशी आली, आणि अडकली.

मित्रांनो, चौकट पुरेशी रुंद होती. मी सताड उघडलेला होतो. पण माझी जाडी आणि ती पितळी मूठ मध्ये येत होती. आयुष्यभर ज्याचा तोरा मिरवला, त्यानेच मावशीला तिच्या घराबाहेर अडवून धरलं. त्याच दिवशी मला बिजागऱ्यांवरून उतरवलं, मूठ काढून घेतली आणि जिन्याखाली भिंतीला टेकवून ठेवलं. माझं तोंड भिंतीकडे होतं. मला ते योग्यच वाटलं.

माझ्या जागी पडदा आला. पडद्यावर टकटक करता येत नाही. त्यामुळे लोक बाहेर उभं राहून तोंडाने "टकटक" म्हणू लागले. मी ते ऐकत होतो. काय वाटलं ते सांगत नाही.

घरात ये-जा जमली, पण इमारतीच्या दाराशी दगडी पायऱ्या होत्या. रोज सकाळी दोघंजण मावशीला खुर्चीसकट उचलून खाली नेत. एक अध्यक्षकाका, म्हणजे इमारतीच्या मंडळाचे अध्यक्ष. दुसरा वरच्या मजल्यावरचा पहिलवान. तो काडीसारखा बारीक असल्यामुळे त्याला हे नाव पडलं होतं.

"काका, तुमची बाजू तिरकी करा."

"अरे, कोपरा सांभाळ, कोपरा! भिंतीचा रंग जाईल."

"मी कपाट नाहीये," मावशी वरून म्हणायची.

"नाही हो मावशी. कपाट बरं, ते बोलत नाही," पहिलवान धापा टाकत म्हणायचा.

मावशी हसायची. पण पहिलवानाला ताप आला की दुकान बंद. काका गावाला गेले की दुकान बंद. स्वतःच्या दुकानात जायला मावशीला दुसऱ्यांची तब्येत विचारावी लागे.

तिचा भाऊ शहराच्या टोकाला नव्या इमारतीत राहायचा. तो एके दिवशी येऊन बसला.

"माझ्याकडे चल. दारं रुंद, लिफ्ट मोठी. लिफ्टमध्ये आरसासुद्धा आहे."

"मला आरशात जायचं नाहीये, दादा. दुकानात जायचंय."

"हट्टी आहेस. महिनाअखेरपर्यंत इथे खुर्ची उतरायला रस्ता झाला तर राहा. नाहीतर दुकान विकायचं आणि गुपचूप चलायचं."

"बरं," मावशी म्हणाली. भुताच्या झग्याला खिसा ठेवणारी बाई इतक्या साध्या आवाजात "बरं" म्हणाली, तेव्हा मी घाबरलो.

आता आमची इमारत पडली ऐतिहासिक. वारसा कार्यालयाच्या परवानगीशिवाय तिच्यात खिळासुद्धा ठोकता येत नाही. काकांचं तर इमारतीवर पोटच्या पोरासारखं प्रेम. पायऱ्यांच्या शेजारून उताराचा रस्ता करायचं ठरलं, तेव्हा काका आणि कार्यालयाचे साहेब नकाशावर डोक्याला डोकं लावून बसले. दगड त्याच जातीचा, कठडा त्याच घडणीचा. इमारतीच्या पायथ्याशी सगळीकडून एक नक्षीदार दगडी पट्टा फिरतो. तो कुठेही तुटता कामा नये, यावर दोघांचं इतकं एकमत झालं की दोघांचेही डोळे भरून आले. म्हणून पट्टा उताराच्या खालच्या टोकासमोरूनही नेला.

महिनाअखेरीला उद्घाटन झालं. मावशी वरून निघाली. खुर्ची सरसर उतरली. टाळ्या वाजल्या. आणि अगदी शेवटी, रस्ता हाताच्या अंतरावर असताना, खुर्ची थांबली.

"काका, हे काय आहे?"

काकांनी वाकून पाहिलं. "तो पट्टा आहे. शोभेचा."

"इथून बघितलं तर ती पायरी आहे."

टाळ्या एकेक करून थांबल्या. पहिलवान सवयीने बाह्या सरसावू लागला.

"एकच तर आहे," काका पुटपुटले.

"दरवाजाही एकच होता, काका."

काका मटकन खाली बसले, त्याच पायरीवर. भाऊ हळूच म्हणाला, "चल, सामान बांधू या." या वेळी तो चिडलेला नव्हता, तेच वाईट होतं.

मावशीने मान वळवून इमारतीकडे पाहिलं. मुख्य दार उघडं होतं आणि आत जिन्याखाली माझी पाठ दिसत होती. ती बराच वेळ बघत राहिली. कापड बेतताना बघते तशी.

"पहिलवाना, तो आण."

मला आणलं. उताराच्या टोकापासून रस्त्यापर्यंत मला आडवं टाकलं, चौकोनांची बाजू वर, चाकं घसरू नयेत म्हणून. कधी नव्हे ते माझी जाडी कामाला आली.

तेवढ्यात साहेब पुढे झाले. "एक मिनिट. आतले दरवाजेही आमच्या नोंदीत आहेत. इमारतीबाहेर नेता येत नाहीत."

"हा उतार इमारतीत धरलाय ना?" मावशीने विचारलं.

"धरलाय."

"मग आतच आहे की."

"पण दरवाजा असा ठेवता येणार नाही. दरवाजा एकतर बंद असतो, नाहीतर उघडा."

"उघडाच आहे, साहेब. याहून उघडा कसा ठेवू?"

साहेबांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. मग खिशातून पेन काढलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "दरवाजा पूर्णपणे उघड्या अवस्थेत आढळला. हरकत नाही." लिहून झाल्यावर त्यांनी सुटकेचा श्वास टाकला, तो मी ऐकला.

मावशीने चाकं फिरवली. माझ्या चौकोनांच्या कडांवरून ती जाताना आवाज झाला. टक, टक.

मी सवयीने विचारलं, "कोण?" अर्थात ते कोणालाच ऐकू गेलं नाही. पण मावशी थबकली, खाली वाकून माझ्याकडे पाहून हसली आणि म्हणाली, "मी."

मग तिने रस्ता ओलांडला. दुकानाचं कुलूप तिने स्वतः काढलं. भाऊ मागून गेला आणि भुताच्या झग्याला बटणं लावू लागला.

ती पायरी काढण्यासाठी काकांनी अर्ज केला आहे. अर्जही माझ्यासारखाच कुठेतरी आडवा पडला असावा. मी मात्र रोज कामावर असतो. ऊन लागतं, चिखलाचे बूट येतात, कोणी तेलपाणी करत नाही. तक्रार नाही. मित्रांनो, तुम्ही मोठे झाल्यावर काहीही बांधा, पण नकाशा मिटण्याआधी एकदा चाकांच्या खुर्चीत बसून त्यावरून जाऊन या. आणि माझ्यासारखी जुनी वस्तू टाकण्याआधी तिला एकदा आडवी करून पाहा.

बाकी वारसा कार्यालयास माझी नम्र विनंती अशी: प्रस्तुत दरवाजा सध्या चौकटीविना सेवा बजावत असून त्यामुळे त्यास उगाच फळी समजले जाते. सबब एक चौकट, तीन बिजागऱ्या व माझी मूळ पितळी मूठ त्वरित मंजूर करण्यात यावी, आणि माझ्यावरून जाणाऱ्या प्रत्येकास "कोण?" असे विचारण्यासाठी एक माणूस खाली नेमण्यात यावा.

चौकट आडवी असली तरी चालेल.