गडगडलं की पिन काढायची

सिंधुदुर्गनगरीतल्या एका सरकारी कचेरीच्या वरच्या मजल्यावर व्हिडिओ कॉन्फरन्सची खोली होती. दारावर पितळी पाटी, आत लांबलचक टेबल, निळे पडदे, साहेबांच्या केबिनमध्येही नसेल असा एसी, आणि एवढ्या थाटाच्या मधोमध एक करडी पेटी आणि तिच्यावर कॅमेरा. सुदेश त्या पेटीचा ऑपरेटर होता, तोही कंत्राटावर. साहेब लोक मुंबईशी बोलायला बसले की आवाज वाढवायचा, चित्र गोठलं की पेटी बंद करून पुन्हा चालू करायची, आणि काही बिघडलं की मुकाट्याने शिव्या खायच्या. मशीन चालली तर सरकारची, बंद पडली तर सुदेशची, असा तिथला साधा हिशोब होता.

आधीची पेटी विजेने जळली होती. दसरा उलटला की आमच्याकडे संध्याकाळच्या सुमाराला आभाळ भरून येतं आणि कडकडाट सुरू होतो. घराघरांतून बायका टीव्हीची पिन काढतात, फोनची वायर काढतात, आणि वीज चमकत असताना फोन वाजला तरी त्याला कोणी हात लावत नाही. कचेरीतल्या मशीनला मात्र तेव्हा घरचं कोणी नव्हतं. ती जळली आणि खापर सुदेशच्या डोक्यावर फुटलं. त्याने ते तिथल्या शिपायाच्या, लवूमामांच्या डोक्यावर फोडलं. मामा त्याच्या बापाच्या वयाचे, निवृत्तीला टेकलेले. पण सुदेशने चार लोकांत त्यांना फाडून खाल्लं होतं. "गडगडूक लागला की माका इचारीत बसा नको! कोणाकच इचारा नको! सगळ्यो पिनी काढा, यूपीएसचीसुद्धा. परत मशीन जळली तर तुमचा माझा वाकडा!" मामा खाली मान घालून "होय, होय" म्हणत राहिले. तेव्हापासून गडगडाट झाला आणि मामांनी पिना काढल्या नाहीत असं एकदाही घडलं नाही.

२००८ सालच्या ऑक्टोबरात त्या खोलीत पहिल्यांदा सुदेशच्या गावचं माणूस बसणार होतं.

आचऱ्याचे काशीरामकाका. साऱ्या जन्मात होडी सोडून दुसरं काही न केलेला माणूस. इंजिनाच्या शेजारी बसून बसून त्यांचे दोन्ही कान गेले होते. समोरच्याचं तोंड दिसलं की त्यांना बोलणं कळायचं, तोंड फिरवलं की सगळं शून्य. त्यांचा मुलगा निकेत हा सुदेशचा शाळेतला सोबती. होडीवर त्याचं मन रमेना. एक दिवस त्याने बॅग भरली आणि मालवाहू जहाजावर नोकरीला निघाला. काका अंगणात उभे राहून साऱ्या वाडीला ऐकू जाईल असे ओरडले होते, "होडयेक पाठ दाखवलंस ना? आता माका तोंड दाखवू नको!"

निकेतनेही ते मनावर घेतलं. आई गेली तेव्हा तो दूर समुद्रात होता. मग एका परक्या बंदरात त्याच्या जहाजावर नको ते सामान सापडलं आणि भटारखान्यात कांदे चिरणाऱ्या निकेतलाही इतरांबरोबर दहा वर्षांची शिक्षा झाली. आता त्याला आत वाळवंटातल्या तुरुंगात हलवणार होते. तिथे भेट नाही, फोन नाही. हलवण्याआधी घरच्यांशी एकदा पडद्यावर भेट घालून द्यायची, एवढी परवानगी तिथल्या भारतीय अधिकाऱ्याने मिळवली होती. एकदाच, आणि तीही ठरल्या वेळी.

सुदेश ही बातमी घेऊन गेला तेव्हा काका जाळं दुरुस्त करत होते. त्याने समोर बसून, तोंड मोठं करून सगळं सांगितलं. काकांच्या हातातली सुई थांबली.

"तेचा तोंड दिसतला?" त्यांनी विचारलं.

"दिसतला, काका. टीव्हीत दिसता तसा."

"आणि माझा तेका?"

"दिसतला."

काकांनी सुई जाळ्यात खोचून ठेवली. मग म्हणाले, "तेव्हा जां मी बोललंय, तां माका मागे घेवचा आसा रे. मरायच्या आधी."

भेटीच्या आदल्या दिवशी सुदेशने तिकडे जोडून बघितलं. आवाज आला, चित्र येईना. पडदा काळाच. पुण्याच्या कंपनीतल्या इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, तुमच्या मशीनचं सॉफ्टवेअर फार जुनं झालंय, अपडेट करा. सुदेश वर्षभर हेच सांगत होता, पण चालतंय ना, मग कशाला हात लावता, असं म्हणून साहेबांनी त्याला दर वेळी वाटेला लावलं होतं. आता परवानगी मिळाली. फाइल यायलाच भेटीचा दिवस उजाडला. "सावकाश होतं," इंजिनिअर म्हणाला, "पण मध्ये बंद पडू देऊ नका. बंद पडलं तर पेटी मेलीच समजा, इथे पाठवावी लागेल." सुदेशने यूपीएस तपासला. लाइट गेली तरी बॅटरीवर निभावणार होतं. दुपारी अपडेट सुरू झालं आणि पडद्यावरची निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली.

तेवढ्यात वाटेवरच्या कट्टा गावातून एका दुकानदाराचा फोन आला. एसटी बंद पडली होती आणि आचऱ्याचे एक म्हातारे बाजारात उभे राहून दिसेल त्याला सुदेशचं नाव सांगत होते. ऐकू येत नसल्यामुळे त्यांना दुसऱ्या गाडीत बसवायलाही कोणी धजत नव्हतं. सुदेशने मोटरसायकलची किल्ली उचलली.

"मामा, खोलीत कोणाक सोडा नको. कोणाक हात लावूक देव नको."

"तू जा रे," मामा दाराशी स्टूल टाकून बसत म्हणाले. "माशी पण जाव्‌ची नाय आत."

कट्ट्याला काका दुकानाच्या पायरीवर बसलेले सापडले. पांढरा सदरा, नवी टोपी, गुळगुळीत दाढी. मोटरसायकलवर मागे बसताना त्यांनी टोपी काढून खिशात ठेवली, वाऱ्याने उडायला नको म्हणून. अर्ध्या वाटेवर आभाळ काळवंडलं आणि डोंगरामागे पहिला गडगडाट झाला.

बरं झालं, सुदेशच्या मनात आलं, मामांनी पिना काढल्या असतील.

आणि लगेच ती सरकणारी निळी पट्टी आठवली. त्याने करकचून ब्रेक मारला. कसालला टेलिफोन बूथ दिसताच आत घुसून त्याने कचेरीचा नंबर फिरवला. तिकडे घंटा वाजत राहिली. विजा चमकत होत्या, आणि विजा चमकत असताना फोन उचलायचा नसतो. त्याने पुन्हा फिरवला. या वेळी घंटाही वाजेना. मामांनी फोनची वायरसुद्धा काढली होती.

"काय झाला?" काकांनी विचारलं. सुदेशने तोंड दुसरीकडे फिरवलं.

तो कचेरीचा जिना धावत चढला. मामा दाराशी तसेच बसून होते, पहारेकऱ्यासारखे. आत सगळ्या पिना काढलेल्या, वायरी नीट गुंडाळून टेबलावर ठेवलेल्या. मामांचा चेहरा शाबासकीसाठी वर झाला. "पयलोच गडगडाट झालो आणि काढलंय. कोणाक इचारूक नाय."

सुदेशने पिना जोडल्या, फोनची वायर लावली, पेटीचं बटण दाबलं. पेटीवरचा लाल दिवा एकदा लुकलुकला आणि विझला. त्याने पुन्हा दाबलं, पुन्हा, पुन्हा. पुण्याला फोन करून विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याला मामांवर ओरडायचं होतं, पण काय म्हणून ओरडणार? मामांनी त्याचंच ऐकलं होतं, अक्षरन्‌ अक्षर.

मागे काका टेबलाशी जाऊन बसले होते. त्यांनी टोपी पुन्हा घातली, सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि काळ्या पडद्याकडे बघत हसऱ्या चेहऱ्याने थांबले. सुदेश त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसला. "काका, मशीन गेली. तोंड नाय दिसाचा. माझी चूक झाली."

काकांनी फक्त गुंडी काढली.

ठरल्या वेळी चित्र लागेना, तेव्हा तिकडच्या भारतीय अधिकाऱ्याने कचेरीच्या फोनवर फोन लावला. सुदेशने स्पीकरचं बटण दाबलं. बाहेर गडगडत होतं आणि लाइनमध्ये खरखर होती, तरी निकेतचा आवाज लगेच ओळखू आला.

"सुदेश? बाबा इले नाय ना?"

"इलेत रे! हयच आसत. मशीन बिघडली, म्हणान—"

"मशिनीचा निमित नको सांगूस," निकेत शांतपणे म्हणाला. "माका ठावक आसा. तेंका माझा तोंड बघूचा नाय."

"तसा नाय रे, आयक!" सुदेश ओरडला. आपण शंभर शपथा घेतल्या तरी निकेतचा विश्वास बसणार नाही, बापाच्या तोंडून ऐकल्याशिवाय बसणार नाही, हे त्याला कळून चुकलं. त्याने रिसीव्हर काकांच्या हातात कोंबला आणि बोला, बोला, अशा खुणा केल्या.

काकांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. त्याच क्षणी बाहेर लख्ख उजेड पडला, खिडक्या हादरल्या, आणि फोनमधून एकसुरी, लांब घूं सुरू झाली. लाइन तुटली होती. दाराशी उभ्या मामांना ती ऐकू आली, कॉरिडॉरमध्ये जमलेल्या कारकुनांना आली. फक्त काकांना नाही.

"निकेत," काका मोठ्याने बोलू लागले, "मी बापूस बोलतंय. आवशीचा दिवसकार्य सगळा नीट केलंय, तू काळजी करू नको. होडी इकूक नाय हां, ठेवलंय तुझ्यासाठी." त्यांनी रिसीव्हर तोंडाजवळ ओढला. "तोंड दाखवू नको म्हटलंय, तां इसर. रागात बोललंय. दहा वर्सां काय, जातीत. सुटलंस की दुसरीकडे खंय जाव नको. घराक ये, झिला."

घूं चालूच होती. सुदेशचा हात फोनकडे जात होता आणि परत येत होता. कोणीच पुढे झालं नाही.

काकांनी रिसीव्हर हळूच खाली ठेवला, तेव्हा कुठे आवाज थांबला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि चेहरा एकदम हलका झाला होता. "आयकल्यान मा रे?"

सुदेशने मान डोलावली.

"मगे काय बोललो तो?"

सुदेश खिडकीकडे बघत काहीतरी पुटपुटला. काकांनी त्याची हनुवटी धरून चेहरा आपल्याकडे वळवला, प्रेमाने, लहान पोराचा वळवावा तसा.

"तोंड माझ्याकडे करून सांग रे. समाजला नाय माका."

सुदेशने त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि प्रत्येक शब्द सुटा करून, ओठ नीट हलवून, पुन्हा सांगितलं. "येतंय म्हणालो तो, काका. घराक येतंय म्हणालो."