बापासारखं

कुलदीपनं पेनाचं टोपण काढलं तेवढ्यात गोदाबाई स्वयंपाकघरातून ओसरीवर आली आणि तिनं तिवईवरचा फारकतीचा कागद उचलून त्याची घडी घातली.

"हा कागद आज नाही होत," ती म्हणाली.

ओसरीवर चार पुरुष बसले होते. चांदूर बाजारच्या त्या घरात बैठक असली की बायका चहा द्यायला तेवढ्या बाहेर येत. तिचे यजमान खुशालराव मान वर न करता म्हणाले, "तू आत जाय."

"आतूनच आली. साधनाशी फोनवर बोलली. तिचं म्हननं हाये, अंकुरले एकदा अकोल्याच्या मॅडमले दाखवू. मंग जे व्हायचं ते होऊ द्या."

"पोराले येडा ठरवाले नेतं काय?"

"काय ठरते ते तिथी गेल्यावर समजन."

साधना तिची सून. कुलदीप साधनाचा भाऊ, बहिणीला या घरातून सोडवायला आलेला. गोदाबाईचा मुलगा अंकुर बोअरच्या मोटरींचं वायंडिंग करी, आणि त्याच्यासारखा हात तालुक्यात नव्हता. पण लग्नाच्या चार वर्षांत तो बायकोशी कामापुरतंच बोलला होता. पाच महिन्यांपूर्वी साधनाचे वडील गेले. अकोल्याचं घर माणसांनी भरलं होतं, साधना रडून रडून खाली बसली होती, आणि हा जावई मागच्या अंगणात जाऊन टाकीची मोटर खोलत बसला. मोटर चालू केली, हात धुतले आणि कोणाला न सांगता बस धरून घरी आला. साधना तेव्हापासून माहेरीच होती.

"असा दगड कोनाच्या नशिबी येऊ नये," कुलदीप आता म्हणाला.

गोदाबाईला ते लागलं. तिनं कागद कमरेला खोचला आणि आत हाक मारली, "अंकुर, पिशवी घे. अमरावतीची गाडी निघून जाईन, तिथून पुढं अकोल्याले जाचं हाये."

अंकुर कागद आणि माणसं यांच्याकडे न पाहता पायऱ्या उतरला.

अकोल्याच्या मानसशास्त्रज्ञ पौर्णिमा मॅडमनी पहिल्या दिवशी गोदाबाईलाच समोर बसवलं. लहानपणी अंकुर कसा होता, हे आईशिवाय कोण सांगणार?

गोदाबाई सांगत गेली. कालवलेला वरणभात त्याला चालत नसे, ताटात सगळं वेगवेगळं लागे. लग्नाचा बँड वाजला की तो गोठ्यात जाऊन बसे. कोणी रडायला लागलं की जवळ जायचं सोडून चुलीची लाकडं रचत राही.

"बोलाले कमी. पन खोटं एक नाही. बापासारखं."

मॅडम लिहीत होत्या.

"डोळ्याले डोळा देत नाही. तेबी बापासारखं. रोजची जागा बदलली तं जेवनं सोडते, बापा..."

मॅडमचं पेन थांबलं. "बापासारखं म्हणजे कसं, काकू?"

गोदाबाईनं पदर सारखा केला.

"आपन पोराचं बोलू," ती म्हणाली.

महिन्याभरात तीन खेपा झाल्या. प्रश्नांचे कागद भरून झाले, मनोविकारतज्ज्ञांनीही अंकुरला तपासलं. गावात बोलणारे बोलले. खुशालरावांनी गोदाबाईशी बोलणं टाकलं. तसं ते आधीही फार नव्हतं.

तिसऱ्या खेपेला साधनाही आली आणि अंकुरपासून एक खुर्ची मध्ये सोडून बसली. मॅडमनी सांगितलं, याला ऑटिझम म्हणतात, स्वमग्नता. हा वेडेपणा नाही आणि आजारही नाही. मेंदूची घडण जन्मापासून वेगळी असते. तो बरा करायचं औषध नसतं. पण एकमेकांशी कसं वागायचं ते दोघांनाही शिकता येतं, आणि त्यासाठी त्या मदत करतील.

साधनानं अंकुरकडे पाहिलं. "बाबा गेले त्या दिवशी तुमी मोटर काहून खोलली?"

"घरात पन्नास मानसं होती," अंकुर टेबलाच्या कडेकडे पाहत म्हणाला. "टाकीत पानी नव्हतं. तुह्या बाबाले आंघोळ घालाची होती."



"मंग निघून काहून गेले?"

"आवाज. मले वाटलं, डोकं फुटते आता. तुले सांगाचं होतं. तू रडत होती. रडत्या मानसाले काय सांगतात, मले ठाऊक नाही."

साधनानं डोळे पुसले, पण तिचा आवाज कडकच राहिला. "मले समजलं. पन समजलं म्हून माह्यं सहा महिन्याचं रडनं खोटं होत नाही. पुढच्या वक्ती मी रडली तं जाचं नाही. काही बोलू नका. बाजूले बसून राहा फकत."

"किती वेळ?"

मॅडमना हसू आलं. साधनाला नाही. तिनं नीट विचार केला. "मी उठा म्हनीन तवरिक."

"ठीक," अंकुर म्हणाला, आणि मधल्या खुर्चीवर सरकून बसला.

तो दोन दिवस अकोल्यालाच राहिला. गोदाबाई परत निघाली ती एकटी. पण निघण्याआधी पुन्हा आत जाऊन मॅडमशी बोलून आली.

ती घरी पोचली तेव्हा दिवस मावळतीला होता. खुशालराव ओसरीवर आपल्या जागेवर बसले होते.

"पोट्टा कुठी हाये?"

"सासरी." तिनं पिशवी खाली ठेवली आणि मॅडमनी सांगितलं ते सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, अंगणाकडे पाहत.

"आमच्या घरान्यात असं कोनी नाही," ते शेवटी म्हणाले.

"पुढच्या बुधवारी तुमचा लंबर लावला हाये."

खुशालराव ताडकन उठले. "मले काय झालं? डोकं फिरलं काय तुह्यं?"

"तुमाले काहीच नाही झालं. चाळीस वर्षं झाली, मी तुमच्यावर रागावून हाओ. तो राग बराबर हाये का चुकीचा, तेवढं पाहाचं हाये मले. तुमी नाही आले तं मी एकटी जाईन. मले जसं दिसलं तसं सांगीन."

इतकं ती त्यांच्याशी एका दमात कधी बोलली नव्हती. खुशालराव पायरीपर्यंत गेले, तिथंच उभे राहिले. पाठमोरे म्हणाले, "तुह्या गर्भपिशवीच्या ऑपरेशनच्या वक्ती मी अमरावतीले आलतो. बारा दिवस. रोज चारले."

आले होते. दाराजवळच्या स्टुलावर तासभर बसून पंख्याकडे पाहत, आणि पाच वाजले की उठून जात. त्या स्टुलाची गोष्ट गोदाबाईनं अकरा वर्षं साऱ्या गावाला सांगितली होती, आपला नवरा कसा दगड आहे ते पटवायला. एकही दिवस चुकला नव्हता, हे तिनं कधी कोणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

 

"आलते," ती म्हणाली. "पन बारा दिवसांत एक शब्द बोलले नाही. दोन्ही सांगजा मॅडमले."

ती पिशवी उचलून आत निघाली. उंबऱ्याशी होती, तेव्हा मागून आवाज आला.

"बस कितीची हाये?"