चोवीस महिने

उत्तराने ‘महिने’ लिहिलेल्या चौकटीतला पाच खोडला आणि तिथे चोवीस घातले. तक्त्याच्या तळाशी बसलेला हिरवा रंग एका रकान्यातून उठून शेजारच्या रकान्यात गेला. सुटा फोन घेतला तर एकशे त्रेसष्ट युरो वाचतात, असं आत्तापर्यंत छातीठोकपणे सांगणारा तक्ता आता म्हणत होता, करारावर घ्या, पासष्ट वाचतील. तिने पुन्हा पाच घातले. हिरवा रंग मुकाट्याने जागेवर परतला.

आइंडहोवनच्या बाजारपेठेतल्या त्या फोनच्या दुकानात ती आपल्या फोनवर तक्ता उघडून रांगेत उभी होती. ऑगस्टचा पहिला शनिवार. मास्कची सक्ती उठून सहा आठवडे झाले होते, तरी माणसं दीड मीटरच्या खुणांवर पाय जोडून उभी होती. तिच्या पुढच्या खुणेवर अंबरीश होता, तिचा नवरा, हात मागे बांधून. बारा वर्षांची भार्गवी भिंतीवर टांगलेली कव्हरं एकेक उलटून बघत होती. सप्टेंबरात तिची मोठी शाळा सुरू व्हायची होती. सायकलने सात किलोमीटर, एकटीने. म्हणून हा फोन.

आता, तक्ता उघडणं ही काही उत्तराची सवय नव्हे. डिशवॉशरचा, विजेच्या कंपन्यांचा, सायकलींच्या विम्याचा; अंबरीशचा प्रत्येक गोष्टीचा तक्ता असे आणि तो घराच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवलेला असे. त्याने तक्ता करायचा आणि तिने ‘बघितला’ म्हणायचं, यावर त्यांचा संसार चौदा वर्षं व्यवस्थित चालला होता. आज रांग लांब होती आणि वाचायला दुसरं काही नव्हतं, एवढंच.

करार चोवीस महिन्यांचा असतो हे दुकानाच्या काचेवरच हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं. मग पाच कुठले?

तिने अंगठ्याने बोटांची पेरं मोजली. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. पाचव्या पेरावर अंगठा थांबला. पाच महिने वापरायचा, मग करार मोडायचा, उरलेल्या एकोणीस महिन्यांचे पैसे एकरकमी भरायचे: तक्त्याने सगळं इमानदारीने धरलं होतं. अंबरीश माणसांपासून गोष्टी लपवू शकत असे. तक्त्यात खोटा आकडा घालणं त्याला जमत नसे.

तिला मग तांदूळ आठवला. दर तीन महिन्यांनी भारतीय दुकानातून वीस किलोचं पोतं आणणारा हा माणूस, दोन आठवड्यांपूर्वी पाच किलोची पिशवी घेऊन आला होता. किलोमागे चाळीस सेंट जास्त देऊन. ‘लागेल तसा आणू,’ म्हणाला होता. तेव्हा तिला वाटलं, पाठ दुखत असेल.

विकत घेण्यासाठी घरं बघायला जाणंही त्याने मे महिन्यापासून थांबवलं होतं. ते तिने साहजिक धरलं होतं. मे महिन्यात कऱ्हाडला त्याचे वडील, दिनकरराव, गेले. ऑक्सिजन मिळेपर्यंत गेले. त्या आठवड्यात नेदरलँड्समधून भारतात जाता आलं असतं. परत कधी येता येईल ते कोणी सांगत नव्हतं. अंबरीश दोन दिवस विमानांची पानं उघडी ठेवून बसला आणि गेला नाही. चुलतभावाने, हरीशने, स्मशानातून व्हिडिओ कॉल लावला. दहा मिनिटांत तोही तुटला. त्यानंतर अंबरीश रोज संध्याकाळी आईला, शोभाताईंना, फोन करी. ‘सगळं ठीक आहे,’ असं त्या सांगत आणि ‘सगळं ठीक आहे,’ असं तो उत्तराला सांगे. या विषयावर घरात याहून जास्त बोलणं झालं नव्हतं.

रांग सरकली. अंबरीशने मागे वळून विचारलं,

“तक्ता बघितलास ना?”

“बघितला,” उत्तरा म्हणाली.

तो समाधानाने पुढे वळला.

काउंटरवर काचेच्या पलीकडे मार्लूस नावाची तरुण मुलगी होती. शनिवारची पन्नासावी गिऱ्हाइकं असावीत अशा थकल्या हसण्याने तिने हवा तो फोन काढून समोर ठेवला आणि विचारलं, सुटा घेणार की अबोनमेंटवर, म्हणजे दोन वर्षांच्या करारावर.

“सुटा,” अंबरीश इंग्रजीत म्हणाला. “करारावरचे फोन लॉक असतात. आम्हाला भारतातही वापरावा लागतो.”

“ते फार पूर्वी,” मार्लूस म्हणाली. “आता कुठलाच लॉक नसतो. इथलं कार्ड घाला, इंडियाचं घाला, फोन चालतो. अडकतं ते गिऱ्हाईक.” हा विनोद ती दिवसातून बऱ्याचदा करत असणार, कारण स्वतः हसली नाही. “शिवाय या महिन्यात करारावर स्वस्त पडतो. पासष्ट युरोंनी.”

अंबरीशने मान डोलावली. पासष्ट त्याला नवे नव्हते. चाळीस सेंटसाठी दोन सुपरमार्केटं हिंडणारा नवरा पासष्ट युरोंवरून असा सहज पाय उचलून पुढे जातो, हे उत्तराने शेजारून पाहिलं.

“तरी सुटाच द्या,” तो म्हणाला.

“अबोनमेंटवर,” उत्तरा डचमध्ये म्हणाली. “माझ्या नावावर.”

तिचं डच औषधांच्या दुकानात घडलेलं होतं, म्हाताऱ्यांना गोळ्यांच्या वेळा समजावून सांगण्यात. ते हळू आणि ठाम होतं, त्यात घासाघीस बसत नसे. मार्लूसने तिच्याकडे ओळखपत्र मागितलं. उत्तराने पर्समधून काढून काचेखालून सरकवलं.

“अगं, काय करतेस?” अंबरीश मराठीत म्हणाला. मराठीत आवाज खाली आणायची गरज नव्हती, तरी त्याने आणला. “दोन वर्षं अडकून पडू आपण.”

“पडू की. कुठं जायचंय?”

“तसं नाही. मध्येच काही झालं, तर उरलेले पैसे भरत बसायचे.”

“एकोणीस महिन्यांचे,” उत्तरा म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसू लागला. काचा स्वच्छ होत्या.

“तू कधी उघडत नाहीस,” तो म्हणाला.

“रांग लांब होती.”

मार्लूस ओळखपत्रावरचे आकडे यंत्रात घालत होती. हे कायद्याने कर्ज धरलं जातं, ती सांगू लागली. फोन अडीचशे युरोंच्या वरचा आहे, म्हणून मिळकत विचारावी लागते. मासिक पगार? उत्तराने सांगितला. नोकरी कायम की मुदतीची? दोन वर्षांची, उत्तराने सांगितलं. औषधांच्या दुकानात काम आणि आठवड्यातून एक दिवस कॉलेज. सप्टेंबरपासून. शेवटी पदविका मिळते आणि नोकरी कायम होते.

हे सगळं अंबरीशला ठाऊक होतं. प्रवेशाचं पत्र आलं त्या दिवशी त्यानेच बासुंदी केली होती. पुण्यात फार्मसीची पदवी घेतलेली त्याची बायको इथे आली ती त्याच्या व्हिसाला जोडून. पहिली चार वर्षं तिने भाषा शिकण्यात आणि शाळेच्या फाटकाशी उभं राहण्यात घालवली. मग साथ आली, औषधांच्या दुकानांना माणसं पुरेनात, आणि कोणीतरी तिला विचारलं. तरीही काचेपलीकडच्या अनोळखी मुलीला ती हे सांगत असताना तो असा ऐकत होता, जणू आकडा भरताना हा एक रकाना त्याच्याकडून राहून गेला होता.

“सांगणार होतो,” तो म्हणाला.

“कंपनीला सांगितलंस का?”

“पुण्याच्या ऑफिसात विचारलं फक्त. जानेवारीत घेऊ म्हणाले.”

“फक्त विचारलं, आणि ते जानेवारीत घेतो म्हणाले.”

“उत्तरा, इथे नको ना.”

“घरी तरी कुठे बोललास?”

मागच्या खुणेवरच्या डच गृहस्थाने सभ्यपणे छताकडे पाहिलं.

“आई दोन्ही वेळा दूध-पोहे खाते,” अंबरीश म्हणाला. “एकटीसाठी कुकर लावत नाही. परवा हरीशची बायको बोलता बोलता बोलून गेली.”

“माहीत आहे.”

“तुला कुणी सांगितलं?”

“आईंनीच. मला सांगतात त्या. वर म्हणतात, अंबूला सांगू नकोस, नोकरी सोडून येईल.”

चष्मा डोळ्यांवर चढवायला त्याला जरा वेळ लागला.

“आणि तू नाही सांगितलंस.”

“नाही,” उत्तरा म्हणाली. “मीही नाही सांगितलं.”

हे बोलताना ती त्याच्याकडे बघत नव्हती. यंत्राच्या पडद्यावर तिचं नाव एकेक अक्षर उमटत होतं, ते बघत होती. जमेच्या बाजूला काय आणि खर्चाला काय, याचा हिशेब त्या क्षणी दोघांपैकी कोणालाच मांडता आला नसता, आणि मांडायला बसले असते तर दोघांचीही बाजू थोडी थोडी खोटी निघाली असती.

भार्गवी एक निळं कव्हर घेऊन त्यांच्या मध्ये येऊन उभी राहिली. केव्हापासून उभी होती कोण जाणे.

“मला मराठी कळतं,” ती डचमध्ये म्हणाली.

“माहीत आहे, बाळा,” उत्तरा म्हणाली.

“मग सप्टेंबरात मी नवीन शाळेत जाणारे, की नाही?”

“जाणार आहेस.”

“आणि ख्रिसमसनंतर?”

अंबरीशने तोंड उघडलं. उत्तरा थांबली. चौदा वर्षांत ती त्याच्यासाठी बऱ्याचदा थांबली होती, आणि ते थांबणं कधी कुठल्या तक्त्यात आलं नव्हतं.

“ख्रिसमसनंतरही,” उत्तरा म्हणाली. “मोठ्या शाळेच्या तिसऱ्या वर्षाला जाशील तोवर तरी.”

भार्गवीने वडलांकडे पाहिलं. अंबरीशने तिच्या हातातलं कव्हर घेतलं, उलटसुलट केलं, किंमत वाचली आणि काउंटरवर ठेवलं. महाग आहे, असं म्हणाला नाही. पोरीला त्यानेच जास्त भीती वाटली असावी, कारण ती जाऊन आईच्या बाजूला उभी राहिली.

“मान्य झालंय,” मार्लूस पडदा त्यांच्याकडे वळवत म्हणाली. “महिना तेवीस युरो, चोवीस महिने. त्यानंतर करार आपोआप महिन्याच्या महिन्यावर येतो, कधीही बंद करता येतो. इथे सही करा.” मग कामाच्या यादीतली पुढची ओळ आल्यासारखं तिने अंबरीशकडे पाहून विचारलं, “घरातला दुसरा नंबर याच पत्त्यावर, याच मुदतीला घेतला, तर महिन्याला पाच युरो सूट आहे. मिस्टरांचाही करून टाकू का?”

प्रश्न साधा होता. दुकानात येणाऱ्या प्रत्येक जोडप्याला ती तो विचारत असणार, आणि बहुतेक जण मान हलवून मोकळे होत असणार.

उत्तराचं बोट सहीच्या रेघेवर थबकलं. हा नंबर तिचा नव्हता, म्हणून उत्तरही तिचं नव्हतं. अंबरीशचे ओठ हलले. पाच युरो ऐकले की ते हलतच. त्याने आधी मार्लूसकडे पाहिलं, मग भार्गवीच्या डोक्यावरून दाराबाहेर, जिथे लोक आइस्क्रीम खात उन्हात बसले होते.

“नको,” तो म्हणाला. “माझा महिन्याच्या महिन्याला आहे, तसाच असू दे.”

“नक्की? दोन वर्षांत एकशे वीस होतात.”

“हो,” अंबरीश म्हणाला. “होतात.”

उत्तराने बोटाने सही केली. पडद्यावर ती वाकडी आली, पण यंत्राने चालवून घेतली. मार्लूस खोकं आणायला आत गेली. भार्गवी पुन्हा दोघांच्या मध्ये येऊन, दोघांनाही न टेकता उभी राहिली.

“डिसेंबरात तिकीट महाग असतं,” उत्तरा पर्समध्ये ओळखपत्र ठेवत म्हणाली. “आजच बघून घे. एकाचंच असलं तरी.”