उतरत्या दराचा लिलाव

लिलाव म्हटलं की बोली चढत जाते, एवढंच मला माहीत होतं. वीज कंपनीच्या नव्या लिलावात ती उतरते. सगळ्यात स्वस्तात करतो म्हणेल त्याला काम. आणि या लिलावावर आमचे हे, म्हणजे धर्मपाल, जीव टाकून होते.

भवानी पेठेत आमचं जळालेल्या डीपी, म्हणजे विजेचे ट्रान्सफॉर्मर, दुरुस्त करायचं वर्कशॉप. खांबावरची डीपी उघडायची, आतली जळकी तार काढायची आणि नवी गुंडाळायची. यांचा हात असा की त्यांनी बांधलेली डीपी परत येत नाही. पण इतक्या वर्षांत सरकारी काम काही मिळालं नाही. तेव्हा टेंडर पाकिटात घालून कंपनीच्या पेटीत टाकायचं, आणि पेटीच्या तोंडाशी मोठ्या ठेकेदारांची माणसं उभी असायची. पाकिटावरचं नाव वाचून म्हणायची, "जय भीमवाले बी आता टेंडर भरणार व्हय?" पाकीट तसंच खिशात घालून हे घरी यायचे आणि दोन दोन दिवस कुणाशी बोलायचे नाहीत. मला त्या माणसांचा आजही संताप येतो.

म्हणून टेंडर कॉम्प्युटरवर आलं तेव्हा आमच्या घरी सणच झाला. पडद्यावर कुणाचं नाव नाही, आडनाव नाही. आपला नंबर कितवा, तेवढंच दिसतं. "मशिनीला जात कळत न्हाई," असं हे भेटेल त्याला सांगत सुटले.

लिलावाच्या दुपारी आमची चैताली माऊस धरून बसली, हे तिच्या मागं आणि मी दारात. सांगोल्याकडच्या डीपी दुरुस्तीचं वर्षभराचं काम होतं. बाकीचे लवकर गळाले. एक जण मात्र हटेना. आम्ही दर उतरवला की तोही उतरवायचा, लगेच आमचा दुसरा नंबर व्हायचा आणि लिलावाची वेळ आणखी वाढायची.

"पप्पा, आता तारेचासुद्धा खर्च निघायचा नाही," चैताली म्हणाली.

"पेटीपाशी उभं राहणाऱ्यांपैकीच कोणतरी असणार," हे म्हणाले. "आज हटायचं न्हाई. उतरव."

"उतरव गं!" मीही ओरडले. उचलली जीभ, लावली टाळ्याला. शेवटी समोरचा थांबला. पडद्यावर आमचा पहिला नंबर आला आणि तो हलेना. हे चष्मा काढून डोळे पुसायला लागले. मग मीही.

संध्याकाळी बिरप्पा आला. आमच्याच वर्कशॉपात काम शिकलेला, आता त्याचं वेगळं वर्कशॉप आहे. तोंड पार उतरलेलं.

"मालक, आज कंपनीच्या लिलावात एक येडं घुसलं होतं बगा. बाहेरगावचं असंल. दर पार मातीत घातला. मी बी पेटलो. बायकूनं माऊस वडून घेतला म्हणून वाचलो."

चैताली पेढे घेऊन आली होती, ती तिथंच थांबली. हे हसले. आधी हळू, मग मोठ्यानं.

"ते येडं मीच की रं, बिरप्पा."

पेटीपाशी कोण उभं आहे, ते निदान दिसायचं तरी.

बिरप्पा कपाळाला हात लावून बसला. मग तोच म्हणाला, "आता काय करणार. जुनीच तार साफ करून गुंडाळा, डीपीतलं ऑईल बी गाळून जुनंच वता. गॅरंटीचं वरीस निघालं की कोण इचारतंय? समदे तसंच करत्यात."

दुसऱ्या दिवशी हे कंपनीच्या कमलाकर साहेबांना भेटायला गेले, मलाही सोबत नेलं. साहेब भला माणूस, पण थकलेला.

"या दरात चांगलं काम होत नाही, हे मला काय कळत नाही?" ते म्हणाले. "पण बचत किती झाली ते एका अहवालात जातं, आणि डीपी किती जळाल्या ते दुसऱ्यात. दोन्ही अहवाल एका टेबलावर आलेले मी तरी पाहिले नाहीत. तुम्ही काम सोडलंत तर अनामत जप्त होईल आणि दोन वर्षं टेंडर भरता येणार नाही. करून टाका हो."

यांनी काम सोडत असल्याचा अर्ज पुढं सरकवला. "साहेब, माझी डीपी परत आली, तर पेटीपाशी हसणारी माणसं खरी ठरतील."

घर येईपर्यंत माझं तोंड थांबलं नाही. "तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं! जन्मात एकदा पहिले आलात, तेपण दिलंत सोडून!" भांडून झाल्यावर माझं मलाच कळलं, मी रागावलेली नव्हते, घाबरले होते. हा माणूस दोन वर्षं रिकाम्या हातानं कसा बसेल?

पुढच्या महिन्यात तेच टेंडर पुन्हा निघालं. त्या दुपारी हे वर्कशॉपात पुसलेलेच पाने पुन्हा पुसत बसले होते. मी डबा घेऊन गेले आणि तेवढ्यात फोन वाजला. बिरप्पा होता. ओरडत होता म्हणून मलाही ऐकू आलं.

"मालक, टेंडर मी भरलं व्हतं, आपला पयला नंबर आला! दर बी नीट हाय!"

यांनी हातातला पाना खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, "तार नवी घेशील न्हवं?"

"घ्यावीच लागंल की," बिरप्पा म्हणाला. "गुंडाळणार तर तुमीच."