अस्सल असल्याबद्दल नापास

गाडी रोज पळाली पाहिजे. नाहीतर ती गाडी कसली, कपाट म्हणा. हे माझं मत आहे आणि मातान्सास शहरात मी ते कोणालाही, कधीही, न विचारता ऐकवतो. माझी चोपन्न सालची शेव्हरोले गेली चाळीस वर्षं वेर्सायेस वस्तीच्या चढावरून बाजारात आणि बाजारातून परत, दिवसाला चौदा खेपा मारते. पुढे दोघं, मागे चौघं, शिवाय मांडीवर कोंबड्या. मूळ इंजिन केव्हाच देवाघरी गेलं. त्या जागी बंदरावरच्या एका मालट्रकाचं डिझेल इंजिन आहे, आणि कागदावर त्याची रीतसर नोंद आहे. वायपर बसचे, आरसा मोटारसायकलचा, आणि ब्रेकचं तेल मिळत नाही तेव्हा त्यात शॅम्पू. हसू नका. सफरचंदाचा होता, गाडी थांबली की छान वास सुटायचा.

माझा थोरला भाऊ अन्सेल्मो याचं मत नेमकं उलटं. थोरला म्हणून वडिलांची गाडी त्याच्याकडे गेली. तीही चोपन्नचीच शेव्हरोले. माझी मी नंतर एका दंतवैद्याच्या विधवेकडून घेतली, वडिलांच्या गाडीसारखीच हवी म्हणून हट्टाने शोधून. दोन्ही खाली निळ्या, वर पांढऱ्या, कारण रंगाचा डबा आम्ही दोघांनी मिळून एका होडीवाल्याकडून आणला होता. पण त्याच्या गाडीत एकूण एक बोल्ट मूळचा. रविवारी दहाला तो ती काढणार, समुद्राच्या कडेने एक चक्कर मारणार, फडकं फिरवून परत आत. बसायला कोणाला देत नाही. त्याची बायको ओदालिस बसते, तीसुद्धा चपला हातात घेऊन.

सहा वर्षांपूर्वी त्याच्या नातीच्या बाप्तिस्म्याच्या जेवणात हा महाशय सगळ्यांसमोर म्हणाला, "लिओची गाडी? ती गाडी नाही रे, झगा घातलेला ट्रॅक्टर आहे." सगळे हसले. पाद्रीसुद्धा हसला. मी म्हणालो, "आणि तुझं ते मढं आहे. रविवारी शवपेटीतून काढतोस, तोंड पुसतोस, परत ठेवतोस." यावर कोणीच हसलं नाही. वडिलांच्या गाडीला मी मढं म्हणालो होतो ना. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. घरं भिंतीला भिंत लागून, पण बोलणं बंद. त्याला पाना हवा असला की ओदालिस भिंतीवरून माझ्या बायकोला सांगणार, मिग्दालिया मला सांगणार, आणि पाना त्याच वाटेने जाणार.

आता मुद्द्याचं. दरवर्षी गाडी सरकारी तपासणीला न्यावी लागते. यंदा मी दोनदा नापास झालो. पहिल्यांदा डावीकडे वळायचा दिवा लावला की भोंगा वाजला म्हणून, आणि दुसऱ्यांदा ब्रेक दाबल्यावर गाडी तपासनीस बाईंच्या टेबलाकडे निघाली म्हणून. तिसऱ्यांदा नापास म्हणजे नंबराची पाटी जप्त. पाटी गेली की गाडी अंगणात उभी आणि मी शेजारी खुर्ची टाकून बसलेला. सदुसष्टाव्या वर्षी मला दुसरं येतं काय? उगाच कशाला खोटं बोलू, मला रात्र रात्र झोप नव्हती.

तपासणी गुरुवारी. बुधवारी दुपारी ब्रेकचा मास्टर सिलिंडर गेला. पेडल दाबलं तर पाय थेट जमिनीला. नवा मिळायचं नाव नाही.

मिग्दालिया भात ढवळता ढवळता म्हणाली, "शेजारी अगदी तशीच गाडी उभी आहे. तिला आपली पाटी लाव आणि घेऊन जा."

"मी त्याच्याकडे मागू? जीव गेला तरी नाही!"

"मागायचंय कोणाला? तो कामाग्वेला लेकीकडे गेलाय. शुक्रवारी येणार."

"ही चोरी आहे, मिग्दालिया."

"भावाच्या घरातून घेतली तर चोरी कसली, म्हाताऱ्या? आणि ओदालिसला मी मघाशीच विचारलंय."

इतक्यात भिंतीवरून किल्ली आली. मागोमाग ओदालिसचं डोकं. "घेऊन जा एकदाची. सहा वर्षं तुमचे निरोप वाहून वाहून माझी मान धरलीय."

गुरुवारी सकाळी मी त्या गाडीत बसलो. किल्ली फिरवली आणि इंजिन लागलं. काय सांगू तुम्हाला! माझं इंजिन खाकरतं, शिव्या देतं, मग उठतं. हे नुसतं गुणगुणायला लागलं. वडील आम्हाला पुढच्या सीटवर मधे बसवून पुलावरून न्यायचे तेव्हाचा तोच आवाज. माझे डोळे भरून आले, आणि त्या भरात मी निघालो. दिवे पाहिले होते, भोंगा पाहिला होता, ब्रेक पाहिले होते, पाटी घट्ट लावली होती. डोकं मात्र घरी राहिलं होतं.

तपासनीस बाई, युसिमी पोर्तालेस, वयाने माझ्या लेकीएवढी. हातात वही, कानाला पेन. तिने ब्रेक पाहिले, दिवे पाहिले, भोंगा वाजवला, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, हिने काय पुनर्जन्म घेतला की काय?"

"काळजी घेतो मी," मी म्हणालो. निर्लज्जपणे म्हणालो.

मग तिने बॉनेट उघडलं. बराच वेळ आत बघितलं, मग कागदात बघितलं, मग परत आत. "डिझेल कुठंय?"

मी उगाच रुमाल काढून दिवा पुसायला लागलो.

"कागदावर डिझेल इंजिन आहे, काका. हे पेट्रोलचं आहे. सहा सिलिंडरचं. याची नोंद कुठंय?"

"अहो बाई, ते मूळचं आहे! गाडी जन्मली तेव्हाचं! सबंध शहरात असं दुसरं सापडायचं नाही!"

"म्हणूनच. कागदावर नसलेलं इंजिन. नापास."

जगात लोक अस्सल गाडीसाठी जीव टाकतात, आणि मी अस्सल असल्याबद्दल नापास! तिने खिशातून पाटी काढायचा स्क्रू ड्रायव्हर काढला. पेन अजून कानालाच होतं, तेवढाच काय तो आधार. मी हातापाया पडायच्या बेतात होतो, एवढ्यात फाटकाबाहेर ओळखीचं खाकरणं ऐकू आलं. ते माझं इंजिन होतं. मागोमाग भावाचा आवाज, "बाजूला व्हा! ब्रेक नाहीत! बाजूला व्हा!"

माझी गाडी, बिनपाटीची, फाटकातून आत शिरली, युसिमीच्या टेबलाला वळसा घालून कोपऱ्यातल्या जुन्या टायरांच्या ढिगात जाऊन हळूच टेकली. आतून अन्सेल्मो उतरला, लालबुंद. त्याच्या मागोमाग पाच उतारू उतरले. शेवटी माझी रोजची उतारू एलोइना आजी, मांडीवरच्या दोन कोंबड्यांसकट. "आज बाजार फार लवकर आला," ती म्हणाली. तिला चार हातांपलीकडचं दिसत नाही.

झालं होतं असं. जावयाशी वाजलं म्हणून अन्सेल्मो रात्रीच्या बसने सकाळी परत आला. बघतो तर गाडी गायब, ओदालिस आढ्याकडे बघतेय. माझी गाडी चमच्याच्या दांड्याने चालू होते हे सबंध गल्लीला माहीत आहे, तशी ती काढून हा माझ्या मागे निघाला. वाटेत माझी रोजची माणसं हात करून उभी. ब्रेक नाहीत तर थांबणार कसा? पण चढावर गाडी एवढी मंदावते की ती सवयीने चालता चालता चढून बसली.

"चोर!" तो माझ्याकडे न बघता आभाळाला म्हणाला. सहा वर्षांचा नेम त्याने तेव्हाही मोडला नाही.

"ही गाडी कोणाची?" युसिमीने विचारलं.

अन्सेल्मो पुढे आला. तो 'माझी' म्हणाला असता तर माझी पाटी गेली असती, परवाना गेला असता, वर पोलीस. अन्सेल्मोने उघडं बॉनेट पाहिलं, माझी पाटी पाहिली, मग मला पाहिलं. "काय ठरलंय हिचं?" त्याने तिला विचारलं.

"नापास. इंजिन."

"नापास?" तो एवढ्याने ओरडला की कोंबड्या फडफडल्या. "हे इंजिन नापास? अहो, हे आमच्या बापाचं..." आणि जीभ चावली.

युसिमी काही दुधखुळी नव्हती. तिने आमच्या दोघांची नाकं पाहिली. एकाच साच्यातली. मग दोन्ही गाड्या पाहिल्या. "म्हणजे कागदावरची गाडी ती, टायरांत घुसलेली. आणि पाटी हिच्यावर." तिने वही मिटली. "मी अजून काही लिहिलेलं नाही. बारा वाजेपर्यंत लिहीन. कॉफी प्यायला जाते. परत आल्यावर जिची पाटी तिच्यावर दिसली पाहिजे आणि तिला ब्रेक लागले पाहिजेत. नाहीतर दोघांच्याही पाट्या काढीन."

ब्रेक लागायचे तर मास्टर सिलिंडर हवा, आणि सिलिंडर सबंध आवारात एकच होता. वडिलांच्या गाडीत. त्या गाडीचा एक बोल्टही आजवर दुसऱ्या गाडीला गेला नव्हता. मी मागितला नाही. कुठल्या तोंडाने मागणार? मी नुसता उभा राहिलो, टोपी हातात घेऊन.

अन्सेल्मोने शर्ट काढला, घडी करून टेबलावर ठेवला आणि गाडीखाली शिरला. "एलोइनाबाई," खालून आवाज आला, "अर्धा इंची पाना कोणाकडे असेल तर द्यायला सांगा."

मी म्हणालो, "आजी, त्यांना सांगा, देतोय."

"देतोय म्हणतो," आजी म्हणाली.

तासाभरात सिलिंडर इकडून तिकडे गेला, सगळा एलोइना आजीच्या मार्फत. पाटीही परत माझ्या गाडीवर गेली. अन्सेल्मोने घरून येताना दुसऱ्या लेकीने मायामीहून पाठवलेली खऱ्या ब्रेक तेलाची बाटली आणली होती. का आणली होती, ते मी विचारलं नाही. माझा शॅम्पू नाक मुरडून त्याने ओतून टाकला. आता राहिली नळ्यांतली हवा काढायची. ती दोन माणसांशिवाय निघत नाही. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकामागे स्क्रू सैल करायचा, पुन्हा आवळायचा, मग सांगायचं सोड. एक क्षण चुकला की हवा परत आत.

"दाबायला सांगा," तो म्हणाला.

"दाब म्हणतो," आजी म्हणाली. मी दाबलं.

"धरायला सांगा."

आजीला तेवढ्यात शिंक आली. मला वाटलं झालं, मी पाय सोडला, परत दाबला, आणि तेलाची पिचकारी थेट त्याच्या तोंडावर.

"अरे धर म्हटलं ना, गाढवा!"

"मला धर म्हणालास कधी? आजीला म्हणालास!"

"डोळ्यात गेलं माझ्या!"

"मग तोंड मागे घे ना! एवढा मोठा मेकॅनिक!"

आवारातले सगळे वळून बघायला लागले. आजी म्हणाली, "चला, माझं काम संपलं," आणि जाऊन सावलीत बसली. म्हणतात ना, नाक दाबलं की तोंड उघडतं. तसं आमचं झालं. मग दाब, धर, सोड, पुन्हा दाब, असं तीन चाकांचं झालं. चौथ्या चाकाला तो म्हणाला, "धर." मी धरलं. पेडल दगडासारखं घट्ट. स्क्रू त्याने आवळलाय हे माझ्या पायाला कळत होतं. पण तो सोड म्हणेना.

"चढावर ती म्हातारी मला लिओ समजली," तो खालून म्हणाला. "म्हणाली, आज भावाचं काही सांगितलं नाहीस?"

मी पेडलवरचा पाय आणखी दाबला.

"म्हणे, रोज सांगतोस. पुलावरून जाणारी गाडी माझा भाऊ डोळे मिटून आवाजावरून ओळखायचा. म्हणे, या शहरात मेकॅनिक एकच, बाकीचे न्हावी."

"उतारूंशी काहीतरी बोलावं लागतं," मी म्हणालो.

"रोज?"

"चढ मोठा आहे."

खाली पाना टेकल्याचा आवाज आला. मला त्याचे नुसते बूट दिसत होते. मी बाहीने डोळे पुसले, तो खाली होता म्हणून बरं झालं.

"पाय सोडू?" मी विचारलं.

"नको. धर अजून," तो म्हणाला. मी धरून ठेवलं.

युसिमी आली. तिने माझी गाडी चालवली, ब्रेक दाबला, गाडी जागच्या जागी उभी. बॉनेट उघडलं, डिझेल होतं. वळायचा दिवा लावला तेव्हा भोंगा वाजला नाही, कारण मी तार आधीच उपटून ठेवली होती. "पास," ती म्हणाली आणि कानावरचं पेन काढलं.

आता बिनब्रेकची होती ती अन्सेल्मोची गाडी. माझ्या गाडीमागे दोर बांधून ती न्यायची ठरली. तो स्टिअरिंगवर बसला. एलोइना आजीने खाली वाकून माझं मागचं सीट चाचपलं, मग त्याचं चाचपलं, आणि न विचारता कोंबड्या घेऊन त्याच्या गाडीत बसली. त्याने नुसतं फडकं पुढे केलं, कोंबड्यांखाली घालायला.

निघालो. पहिल्याच वळणावर मागून सुरू झाला. "दोर ताणू नकोस! दुसरा गिअर टाक! दुसरा! कोणी शिकवलं तुला? हळू, हळू, पुढे खड्डा आहे, आंधळा आहेस का?" सहा वर्षांचं साठलेलं सगळं एकदम बाहेर येत होतं. दोन्ही बाजूंनी लोक बघून हसत होते. घरी जायचा रस्ता पुलाकडून डावीकडे होता. मी खिडकीतून हात काढला आणि उजवीकडे वळलो, समुद्राच्या कडेचा, लांबचा रस्ता धरला.