बोट लावू नकोस

मी पितळेचा एक मालडबा, रेल्वेच्या मालगाडीच्या डब्याची हुबेहूब छोटी प्रतिकृती. मला खेळण्यातल्या गाडीचा डबा म्हणू नका. त्या शब्दावरून माझा मालक दोन दोन दिवस अबोला धरायचा. लांबीला वीतभर आहे आणि माझ्या डाव्या अंगावर एका बाईच्या अंगठ्याचा ठसा आहे.

मालक घड्याळं दुरुस्त करायचा. दुकानातून आला की जेवणाच्या टेबलावर पत्रे पसरून बसायचा. त्याने मला कापलं, वाकवलं, डाख देऊन जोडलं. मी लखलखत होतो आणि त्याला नेमकं तेच नको होतं. त्याला हवा होता वीस वर्षं उन्हापावसात राबलेला डबा. नव्याकोऱ्या पितळेला म्हातारं करण्यात महिने घालवणारा हा माणूस स्वतःचे केस मात्र न चुकता काळे करायचा. बायको त्यावरून त्याला भरपूर टोचायची.

पितळ काळं करायचं एक औषध असतं. त्यात बुडवण्याआधी पत्रा साबणाने धुवायचा आणि मग त्याला बोट लावायचं नाही, कारण तेलकट जागी काळेपणा धरत नाही. त्या संध्याकाळी मला धुऊन तो औषध आणायला आत गेला. तेवढ्यात ताटं मांडायला आलेल्या बायकोने तेलाच्या हातानेच मला उचलून बाजूला ठेवलं. मी औषधातून निघालो तो सगळा काळा, फक्त डाव्या अंगावर पिवळाधमक अंगठा.

"हजारदा सांगितलं, बोट लावू नकोस म्हणून."

"मग ताटं कुठे मांडू, तुमच्या डोक्यावर?"

"आता सगळं खरवडून पुन्हा करायला हवं."

"करा की. हौसच आहे तुम्हाला."

जेवणं उरकली. रविवारी बघू, असं पुटपुटत त्याने मला फळीवर टाकलं. तो रविवार यायच्या आतच ती गेली. दुपारी कपडे वाळत घालताना खाली बसली, ती उठलीच नाही.

किती महिने गेले कोण जाणे. एके दिवशी तो मला खाली घेऊन बसला तेव्हा त्याचे केस पांढरे झाले होते. त्याने माझ्या दारांखाली तपकिरी रंगाने गंजाचे ओघळ रंगवले, चाकांवर धुळीच्या रंगाची पूड चढवली. ठशाला मात्र ब्रश लागू दिला नाही.

"बाबा, इथे रंग द्यायचा राहिलाय," त्याची मुलगी म्हणाली.

"राहू दे."

तिने वाकून पाहिलं आणि रंगाच्या बाटलीला झाकण लावलं.

आता तो रोज संध्याकाळी मला हातात घेतो आणि त्या ठशावर आपला अंगठा टेकवतो. त्याच्या घामाने पितळ काळवंडत चाललंय, कडेचा काळा रंग झिजतोय. तिच्या अंगठ्याच्या रेषा अर्ध्याहून जास्त गेल्या आहेत. तो डोळ्याला घड्याळाचं भिंग लावून शोधतो, सापडत नाहीत, मग भिंगच धुरकट झालंय असं समजून सदऱ्याला पुसतो. मला फार वाईट वाटतं.

मालक, बोट लावू नका, एवढंच मला सांगायचं आहे. पण त्याला यायला जरा उशीर झाला, की मीच दाराकडे कान लावून बसतो.