तक्त्याखालची ओळ

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे, खोटी निघाली तर माझं नाव बदला. मला ती खुद्द चष्मेवाल्यानं सांगितली. म्हणजे, तो हल्ली कुणाशी फारसं बोलत नाही. पण त्याच्या गप्प बसण्यातूनही बरंच कळतं, आणि उरलेलं जुळवून घेण्याइतके माझे केस पिकले आहेत.

बाजाराच्या वळणावर त्याचं चिंचोळं दुकान. कपाटांतून रिकाम्या चौकटी अशा मांडलेल्या, की आत शिरणाऱ्याला वाटावं, शंभर माणसं आपल्याकडे टक लावून बसलीत. आई लवकर गेली, तेव्हा त्याला थोरल्या बहिणीनं वाढवलं. बारीक शिवणकाम करून ताईनं त्याला शिकवलं, आणि अंधाराला घाबरायचा म्हणून त्याचं नाव ठेवलं भित्र्या. ती ताई दोन वर्षांपूर्वी आपला जाड भिंगांचा चष्मा दुकानाच्या टेबलावर काढून ठेवून, 'आता याचं काम नाही' एवढंच म्हणून, पाहणाऱ्यांत निघून गेली.

पाहणारे हे त्यांनी स्वतःला दिलेलं नाव. लोक त्यांना भिंतवाले म्हणत. त्यांच्यात ना देव, ना पोथी, ना गुरूचा फोटो. टेकडीवरच्या जुन्या गोदामात चुन्यानं पांढरीधोप केलेली एक भिंत होती, आणि भर दुपारचं ऊन तिच्यावर आदळलं की पन्नास-साठ माणसं पापणी न हलवता तिच्याकडे बघत बसायची. भिंत उघडते म्हणे. लोक आधी पोट धरून हसले. मग कुणाचा नवरा, कुणाची सून परत येईना, आणि जे आले ते दाराला धडकू लागले, तेव्हा हसणं विरलं. वर्तमानपत्रांत मथळे आले, मोर्चा निघाला, चौकशी समिती बसली. शहरातले डॉक्टर या भानगडीत पडेनात, म्हणून डोळे तपासायला चष्मेवाल्याला बोलावलं गेलं. आपली बहीण तिथं आहे, हे त्यानं समितीला सांगितलं नाही.

एकाची जरी दृष्टी गेल्याचा दाखला मिळाला, तरी गोदामाला कुलूप आणि माणसं घरच्यांच्या हवाली, असं समितीचे साहेब म्हणाले होते. चष्मेवाल्यानं तो दाखला तपासणीच्या आदल्या दिवशीच लिहून, घडी घालून वरच्या खिशात ठेवला. ताईला घरी आणायचं, मग त्यासाठी एक खोटं लिहावं लागलं तरी चालेल.

गोदामाच्या कडेच्या खोलीत त्यानं अक्षरांचा तक्ता भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला. साहेब चहाला गेले, तेव्हा ताई आत आली आणि न चाचपडता खुर्चीत बसली. त्यानं तिच्या डोळ्यांत बॅटरीचा झोत सोडला. बाहुल्या जराही हलल्या नाहीत. आतून त्या जळून गेलेल्या होत्या. खिशातला खोटा दाखला खरा निघाला होता.

तरी वर्षानुवर्षांच्या सवयीनं त्यानं भिंगं बदलायची जड चौकट तिच्या नाकावर चढवली, उजव्या डोळ्यापुढे काळी चकती सरकवली आणि छडीनं अक्षरं दाखवू लागला. तिनं वरपासून खालपर्यंत सगळा तक्ता वाचला. त्यानं डाव्या डोळ्यापुढे चकती सरकवली. तिनं पुन्हा सगळा वाचला, मुंगीएवढ्या शेवटच्या ओळीसकट. चौकट काढायला तो वाकला, तेव्हा त्याला दिसलं, की उजवीकडची चकती काढायची राहूनच गेली होती. दोन्ही डोळे काळ्या पत्र्याआड होते. इतक्या वर्षांच्या धंद्यात ही चूक त्याच्या हातून कधी झाली नव्हती.

तो तिथंच गुडघ्यांवर बसला. त्याला भीती वाटली नाही, हेच त्याला नवल वाटलं. लहानपणी पहिल्यांदा समुद्रापुढे उभं राहिल्यावर वाटलं होतं, तसं काहीतरी छातीत भरून आलं.

"खाली अजून एक ओळ आहे, भित्र्या. वाचू?"

"तक्ता संपला, ताई."

"'दृष्टी कायमची गेली आहे. घरी पाठवावे.'" ती किंचित हसली. "अक्षर अजून तसंच, उतरणीला लागलेलं."

त्यानं खिशावर हात दाबून धरला.

"देऊन टाक की तो कागद," ती म्हणाली. "येते मी घरी. भिंती काय, तिथंही आहेत."

दाखला दिला गेला, गोदामाला कुलूप लागलं. ताई आता दुकानामागच्या खोलीत असते आणि सुईत दोरा एका दमात ओवते. लोक चष्मेवाल्याला म्हणतात, चांगलं केलंस, बहीण सुटली. तोही मान हलवतो. फक्त हल्ली भर दुपारी तो दुकान बंद करतो, आणि तिच्या शेजारी दुसरी खुर्ची ओढून घेतो.

आता सुरुवातीला शपथ घेतली आहे, तर कबूल करून टाकतो. दाखला खरा, चकत्या खऱ्या. पदरचा घातला तो फक्त तक्ता. तो त्या दिवशी घाईत दुकानातच राहिला होता, कोपऱ्यात, सुरळी करून. खोलीतली भिंत कोरी होती. तिच्यावर तो छडीनं एकेक अक्षर दाखवत होता, आणि ती वाचत होती.